व्यवसाय : गृहिणी

छातीतली घरघर, जुना खोकला किंवा आखडलेली मान घेऊन सोलापुरातली एखादी बाई दवाखान्यात येते. केसपेपर काढणारा खिडकीतून विचारतो, "कामाला जाता का?" बाई म्हणते, "नाही, घरीच असते." व्यवसायाच्या रकान्यात 'गृहिणी' पडतं. खोटं कोणीच बोललेलं नसतं. बाई घरीच असते आणि घरी बसून दिवसाला सातशे-हजार बिड्या वळते. भिजवलेली तेंदूची पानं कात्रीनं मापात कापायची, मांडीवरच्या सुपातला तंबाखू चिमटीनं पानात भरायचा, गुंडाळी करायची, तोंड नखानं दुमडायचं, दोरा बांधायचा की लगेच पुढचं पान. पाठ वाकलेली, मान खाली आणि बोटं सतत चालू. खोली एकच असली तर स्वयंपाक तिथंच, तान्हं मूल तिथंच आणि तंबाखूची पिशवीही तिथंच. तयार माल कारखान्यात नेऊन द्यायचा. तिथला चेकर जुड्या उलटून-पालटून बघतो, पसंत न पडलेल्या बिड्या छाट म्हणून बाजूला टाकतो. त्यांची मजुरी मिळत नाही.

आता हीच बाई वॉर्डात तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यासमोर येते. तो हुशार असतो. बारावीला रात्रीचा दिवस करून आलेला असतो. खोकला किती दिवसांपासून, बेडका पडतो का, रात्री वाढतो का, ताप येतो का, घरात कोणाला टीबी होता का, असे सगळे प्रश्न तो क्रमानं विचारतो. निदानही बरंचसं बरोबर करतो. 'धूळ-धूर टाळा' असा सल्ला लिहून मोकळा होतो. बाई हो म्हणते आणि संध्याकाळी पुन्हा सूप मांडीवर घेते. इथे वैद्यकीय शिक्षण कुठे कमी पडलं? फुप्फुसाच्या ज्ञानात ते कमी पडलेलं नाही. ती धूळ कुठून येते, कोणाच्या फायद्यासाठी येते, ती कमी करणं कोणाच्या हातात आहे आणि त्या माणसाच्या टेबलापर्यंत कसं पोचायचं, हे त्याला कोणी शिकवलेलंच नाही.

इटलीतल्या बर्नार्दिनो रामाझिनी या वैद्यानं १७०० साली कामगारांच्या आजारांवर ग्रंथ लिहिला. रोग्याला जुन्या वैद्यांनी सांगितलेले प्रश्न विचाराच, पण त्यात आणखी एकाची भर घाला, तुझा धंदा काय, असं त्यानं सुचवलं. सव्वातीनशे वर्षं झाली. आपल्याकडे तो प्रश्न केसपेपरावर छापलेला आहे, उत्तरही लिहिलं जातं, फक्त ते बिनकामाचं असतं. "कामाला जाता का" याऐवजी "अक्का, सकाळी उठल्यापासून हातानं काय काय करता?" असं विचारलं असतं तर चित्र वेगळं दिसलं असतं. रुग्णाची बाजू मांडायला शिकवायचं तर सुरुवात इथून, रकाना नीट भरण्यापासून करावी असं माझं मत आहे. भाषणं, शपथा आणि पोस्टर स्पर्धा यांचा नंबर फार नंतर लागतो. कधीच लागला नाही तरी चालेल.

या शहरात डॉक्टरच्या मोठेपणाचा विषय निघाला की पहिलं नाव डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचं येतं, आणि ते योग्यच आहे. जन्म सोलापुरातला, १० ऑक्टोबर १९१०चा. शिक्षण मुंबईच्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजात. १९३८ साली काँग्रेसनं चीनला पाठवलेल्या पथकातल्या पाच डॉक्टरांपैकी ते एक. नागपूरचे डॉ. चोळकरही त्यात होते. बाकीचे परतले, कोटणीस राहिले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, बत्तिसाव्या वर्षी, तिकडेच गेले. शांतारामबापूंनी १९४६ साली त्यांच्यावर सिनेमा काढला. गावात त्यांचं स्मारक आहे, जयंतीला हार पडतो.

पण विद्यार्थ्यापुढे हा आदर्श आपण कसा ठेवतो? मोठा डॉक्टर म्हणजे घर सोडून दूर जाणारा, युद्धात उडी घेणारा, तरुणपणी मरणारा. एकोणीस वर्षांचा पोरगा हात जोडतो आणि मनात म्हणतो, हे आपल्याच्यानं व्हायचं नाही. मग तो पीजीच्या प्रवेशपरीक्षेच्या क्लासला जातो. त्यागाचा धडा शिकवता येत नाही, त्याची फक्त आरती करता येते. त्या पथकाच्या गोष्टीतला शिकवण्याजोगा भाग आपण सांगतच नाही. चीनकडून मदतीची विनंती आली, इथे लोकांकडून वर्गणी गोळा झाली, साहित्य जमवलं गेलं आणि मग पाच माणसं बोटीत बसली. तिकडे गेल्यावर कोटणीस चिनी भाषा बोलायला-लिहायला शिकले, वैद्यकीय शाळेत शिकवू लागले, शस्त्रक्रियेचं पाठ्यपुस्तक लिहायला बसले. यातलं भाषा शिकण्याचं काम तर सोलापूरजवळच्या कुंभारीत राहूनही करता येतं. सोलापूरच्या पूर्वभागात तेलुगू बोलणारी हजारो घरं आहेत, दक्षिण सोलापूर-अक्कलकोटकडे कन्नड आहे, मोहल्ल्यांत दखनी आहे. मराठी माध्यमातून आलेल्या, इंग्रजीत वैद्यक शिकलेल्या विद्यार्थ्याला तेलुगूत 'दम लागतो का' एवढं विचारता येत नसेल, तर पुढची सगळी बाजू तो अंदाजानंच मांडणार.

डॉक्टरनं आरोग्यासाठी भांडावं हा अभ्यासक्रमाचा भाग असावा, हा विचार आला कॅनडातून, आणि आला तो डॉक्टरांच्या फजितीनंतर. १९८६ साली ओंटारिओ प्रांतातल्या डॉक्टरांनी, सरकारी दरापेक्षा जादा पैसे आकारण्याचा हक्क राहावा म्हणून, पंचवीस दिवसांचा संप केला. संप फसला आणि डॉक्टर लोकांच्या मनातूनही उतरले. त्यानंतर तिथल्या वैद्यकीय महाविद्यालयांनी एक शहाणपण केलं. समाजाला डॉक्टरकडून काय हवंय, हे समाजालाच विचारायला घेतलं. पुढे १९९६ साली तिथल्या रॉयल कॉलेजनं डॉक्टरच्या सात भूमिका ठरवल्या. त्यात तज्ज्ञ, संवादक, सहकारी वगैरेंच्या रांगेत आरोग्याचा कैवारी ही भूमिका बसली. तेव्हापासून तिथले शिक्षक सांगत आले आहेत की शिकवायला आणि मार्क द्यायला सर्वांत अवघड भूमिका हीच. पुढे त्यांनी तिचे दोन भाग पाडले. समोरच्या एका रुग्णासाठी व्यवस्थेतून वाट काढून देणं हा एक, आणि ती व्यवस्थाच बदलण्यासाठी झटणं हा दुसरा.

आपल्याकडे २०१९च्या तुकडीपासून नवा, क्षमताधारित अभ्यासक्रम आला. त्यात भारतीय वैद्यकीय पदवीधराच्या पाच भूमिका सांगितल्या आहेत : उपचार करणारा, आरोग्यपथकाचा नेता आणि सदस्य, संवादक, आयुष्यभर शिकणारा आणि व्यावसायिक. कैवारी नाही. असलाच तर या पाचांच्या पोटात शोधावा लागतो. आता परीक्षेला नाही ते वाचायला नाही, हा आपल्याकडचा सनातन नियम. त्यामुळे जे शीर्षकात नाही ते वॉर्डातही उतरत नाही.

पण एक दार उघडं आहे. २०२२पासून राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं कुटुंब दत्तक कार्यक्रम सक्तीचा केला आहे. विद्यार्थ्यानं पहिल्या वर्षापासून खेड्यातली तीन ते पाच कुटुंबं घ्यायची आणि पुढची वर्षं त्यांच्याकडे जात राहायचं. 'दत्तक' या शब्दातली मेहेरबानी सोडून द्या, कल्पना चांगली आहे. सोलापूरपुरतं बोलायचं तर नशीबही चांगलं आहे. ज्या कुंभारीत अश्विनी ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आहे, त्याच कुंभारीत बिडी कामगार बायांच्या लढ्यातून उभी राहिलेली गोदूताई परुळेकर वसाहत आहे. दहा हजार घरं, २००६ साली दिली गेलेली. त्याच परिसरात रे नगर आहे. तीस हजार घरांची योजना, त्यातल्या पहिल्या पंधरा हजार घरांचं लोकार्पण जानेवारी २०२४मध्ये झालं. घर मागायचं कोणाकडे, केंद्राचा वाटा कुठून आणायचा, राज्याचा कुठून, कामगारानं स्वतःचा हप्ता कसा भरायचा, मंत्रालयाच्या किती चकरा मारायच्या, हे सगळं माहीत असलेल्या निरक्षर बाया या वसाहतीत राहतात. पाठपुराव्याचे प्राध्यापक शोधायला लांब जायला नको. या लढ्याचे नेते नरसय्या आडम मास्तर यांचं राजकारण कोणाला पटो न पटो, एवढी घरं अर्ज, मोर्चे आणि हिशेबाच्या जोरावर उभी राहिली हे नाकारता येणार नाही.

भेटी मात्र कशा होतात? पुष्कळ ठिकाणी बस येते, पांढरे कोट उतरतात, रक्तदाब घेतला जातो, वजन-उंची लिहिली जाते, फोटो निघतो, बस जाते. परीक्षेच्या आदल्या रात्री हॉस्टेलात लॉगबुकं एकमेकांची बघून भरली जातात. त्यात मुलांना दोष देण्यात अर्थ नाही. त्या माहितीचं पुढे काही होणार नाही, हे त्यांनी शिक्षकांच्या आधी ओळखलेलं असतं.

पुढे होऊ शकतं असं काय, याचं एक उदाहरण घेऊ. सोलापूरचा सनातन प्रश्न, पाणी. जिल्ह्यातल्या उजनी धरणाची क्षमता ११७ टीएमसी. त्या धरणाचं पाणी पिणाऱ्या शहरात नळ येतो तो तीन, चार, कधी पाच दिवसांआड. समांतर जलवाहिनी या दोन शब्दांवर इथे एक पिढी मोठी झाली. साहजिकच घराघरांत पिंपं, हौद, रांजण, टाक्या आणि गच्चीवरचे ड्रम आहेत. पावसाळा सरता सरता डेंगी येतो. मग आरोग्य खात्याची पत्रकं निघतात : आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा, भांडी घासूनपुसून ठेवा.

शास्त्र म्हणून सल्ला बिनचूक आहे. डेंगीचा एडिस डास स्वच्छ साठवलेल्या पाण्यात वाढतो. अंडी पाण्याच्या रेषेच्या जरा वर भांड्याच्या कडेला चिकटतात, कोरड्यातही महिनोन्महिने टिकतात आणि पाणी लागलं की साधारण आठ-दहा दिवसांत डास बाहेर पडतो. म्हणून आठवड्याला रिकामं करणं आणि घासणं. पण बाईच्या जागी उभं राहून बघा. पाच दिवसांनी येणारं पाणी पाचव्या दिवशीच येईल याची खात्री तिला कोण देणार? कधी वीज गेली, कधी पाइप फुटला, कधी पाळी रात्री दोनला आली. म्हणून पिंपाचा तळ ती कधीच उपसत नाही. चार बादल्या राखून ठेवते. अळ्या त्या राखिवात असतात. नवं पाणी वरून पडतं, तळ तसाच. पत्रक वाचून ती अडाणी ठरते. खरं तर तिचा हिशेब पक्का असतो.

इथे विद्यार्थी काय करू शकतो? दत्तक घेतलेल्या पाच घरांत आणि शेजारच्या वीस घरांत नळ कोणत्या तारखेला, किती वाजता आला, हे दोन महिने लिहून ठेवू शकतो. आठवड्याला भांड्यांत अळ्या शोधू शकतो. किती घरांत आणि किती भांड्यांत अळ्या सापडल्या याचे निर्देशांक कसे काढायचे, हे त्याच्या पुस्तकात असतंच. पाळी चुकलेल्या आठवड्यानंतर तळ राखून ठेवणारी घरं वाढतात का, अळ्या वाढतात का, हे मग दिसतं. हा कागद घेऊन जायचं कुठे? आरोग्य खात्यात नव्हे, तिथे फवारणीचं मशीन मिळेल. पाणीपुरवठा विभागात आणि झोन ऑफिसात जायचं. मागायचं काय? 'चोवीस तास पाणी द्या' अशी मागणी केली तर अधिकारी हसून चहा पाजेल. पाळीचं वेळापत्रक आधी जाहीर करा, चुकणार असेल तर आदल्या दिवशी कळवा, आणि या गल्लीतल्या पिंपांना घट्ट झाकणं द्या. एवढंच मागायचं. हे नाकारायला अधिकाऱ्याकडे कारण उरत नाही. मागणी छोटी, मोजलेली आणि योग्य टेबलावर ठेवलेली असली की तिच्यात जोर येतो. हे कौशल्य आहे, आणि सुईनं शिवण घालण्याइतकंच ते शिकवता येतं.

रुडॉल्फ विरशॉ या जर्मन डॉक्टरचं नाव पॅथॉलॉजीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असतं, ते रक्ताच्या गुठळीच्या तीन कारणांमुळे. १८४८ साली प्रशियाच्या सरकारनं त्याला अप्पर सिलेशियात टायफसची साथ तपासायला पाठवलं होतं, हे फार कमी जणांना सांगितलं जातं. परत येऊन त्यानं जो अहवाल दिला त्यात औषधांपेक्षा शिक्षण, रस्ते, श्रीमंतांवर कर आणि लोकांचा कारभार यांच्याच शिफारशी जास्त. तिथली जनता पोलिश बोलणारी आणि अंमलदार जर्मन, म्हणून पोलिश भाषेला मान्यता द्या असंही त्यात होतं. पूर्वभागातल्या तेलुगू रुग्णाचा विषय मी वर काढला तो उगाच नव्हे. विरशॉला त्या वर्षीच्या राजकारणाची किंमत मोजावी लागली, बर्लिनमधली जागा सुटली. पण गोष्ट तिथे संपवली तर ती पुन्हा त्यागाची आरती होते. काही वर्षांनी तो बर्लिनला परतला, १८५९मध्ये नगरपालिकेत निवडून गेला, आणि शहराच्या गटारांसाठी आणि पाण्यासाठी वर्षानुवर्षं बैठकांत बसला. अंदाजपत्रकं, उतार, पाइपांचे व्यास, विरोधकांची भाषणं. साथीच्या अहवालाइतकंच या कंटाळवाण्या कामालाही मोल होतं.

महाराष्ट्रातही आकड्यांनी बाजू लढवल्याचं एक ठसठशीत उदाहरण आहे. रोजगार हमीवरच्या मजुराला किमान किती मजुरी द्यावी यासाठी वि. स. पागे यांच्या समितीनं काढलेला आकडा होता दिवसाला चार रुपये. त्या हिशेबाला कष्ट करणाऱ्या शरीराला लागणाऱ्या कॅलरींचा आधार होता. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला डॉ. अभय बंग यांनी तोच हिशेब पुन्हा मांडून दाखवला. कष्टाच्या मानानं कॅलरी कमी धरल्या आहेत, खर्च कमी धरला आहे, नीट मांडलं तर आकडा बारा रुपयांपर्यंत जातो. मजुरी वाढली, त्यात संघटनांचा रेटा होताच. पण रेट्याच्या हातात कागद होता, आणि तो कागद डॉक्टरच लिहू शकत होता, कारण चूक शरीरशास्त्राच्या हिशेबात होती. कॅलरीचं कोष्टक पहिल्या वर्षाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असतं. या कोष्टकानं लाखो मजुरांचा पगार बदलला होता, हे त्या तासाला सांगितलं तर तास जरा कमी झोपेचा होईल.

आता अवघड भाग. पाण्याच्या बाबतीत डॉक्टर, बाई आणि शास्त्र एका बाजूला असतात. बिडीच्या बाबतीत तसं नाही.

तंबाखू वाईट, यावर वैद्यकात दोन मतं नाहीत. कर वाढवा, पाकिटावर मोठं चित्र छापा, सुटी विक्री बंद करा, हे डॉक्टरांच्या संघटना सांगतात आणि बरोबर सांगतात. बिडी ओढणारा बहुतेक गरीबच असतो आणि मरतोही तोच लवकर. पण सोलापुरात नियम कडक होणार अशी बातमी आली की झेंडे घेऊन रस्त्यावर येतात त्या बिडी वळणाऱ्या बाया. कारखानदार मागे सावलीत उभा असतो, हेही खरं. त्याच्या सोयीचा मोर्चा म्हणून हसण्यावारी नेणं सोपं आहे. पण पोरांच्या फीचा हिशेब हजार बिड्यांमागच्या मजुरीवर बसवलेली बाई रस्त्यावर येते ती स्वतःच्या कारणानं. सप्टेंबर २०२५मध्ये जीएसटीचे नवे दर ठरले. बाकी तंबाखूजन्य पदार्थ चाळीस टक्क्यांच्या टप्प्यात न्यायचं आणि बिडी अठ्ठावीसवरून अठरावर आणायचं ठरलं. सोलापूरच्या डॉक्टरनं यावर काय बोलायचं? 'बिडी स्वस्त करू नका' म्हटलं तर बारा नंबरच्या खाटेवरच्या, बिडी ओढणाऱ्या म्हाताऱ्याची बाजू मांडली जाते आणि चौदा नंबरच्या खाटेवरच्या, बिडी वळणाऱ्या बाईच्या विरोधात उभं राहावं लागतं. दोघं कदाचित एकाच घरातली असतील.

वैद्यकीय शिक्षणात हा प्रश्न वर्गात आणलाच जात नाही, कारण त्याला उत्तराची एकच ओळ नाही. मला वाटतं, नेमका हाच प्रश्न अभ्यासक्रमाच्या मध्यभागी असायला हवा. वकील अशिलाला विचारल्याशिवाय कोर्टात उभा राहत नाही. डॉक्टर मात्र लोकांचं हित लोकांना न विचारता ठरवतो आणि वर त्याला समाजसेवा म्हणतो. विद्यार्थ्यानं वसाहतीत जाऊन विचारलं तर बाई बिडी चांगली असते असं कधीच सांगणार नाही. माझ्या मुलीनं हे करू नये, असंच बहुतेक जणी म्हणतात. पण त्यांच्या मागण्यांचा क्रम वेगळा असतो. ठरलेली मजुरी पूर्ण द्या, छाट कमी करा, पीएफचे पैसे वेळेवर मिळू द्या, बाळंतपणात चार पैसे द्या, आणि दुसरं काम देणार असाल तर आधी द्या, बिडी नंतर बंद करा. या क्रमात आरोग्याच्या भाषेत बसणारं पुष्कळ आहे. तंबाखूची पिशवी निजायच्या-स्वयंपाकाच्या खोलीबाहेर ठेवायला जागा, वसाहतीत हवेशीर सामाईक शेड, पाठीला टेकण, वर्षातून एकदा फुप्फुसाची तपासणी, मिश्री सोडायला मदत. हो, मिश्रीही. तंबाखू हाताळणाऱ्या कित्येक जणी ती लावतात आणि 'तंबाखू खाता का' या प्रश्नाला प्रामाणिकपणे 'नाही' म्हणतात, कारण लावणं म्हणजे खाणं नव्हे. तंबाखूवर कर वाढवावाच, पण त्यातला ठरावीक वाटा बिडीतून बाहेर पडणाऱ्या बायांच्या दुसऱ्या रोजगारावर खर्च व्हावा, असं सोलापूरच्या डॉक्टरांनी म्हटलं तर ते दोन्ही खाटांच्या बाजूनं असेल. दिल्लीतला तंबाखूविरोधी तज्ज्ञ हे म्हणणार नाही, त्याच्या वॉर्डात चौदा नंबरची खाट नाही.

आणि डॉक्टरांच्या विरोधात बाजू मांडायची वेळ आली तर? सोलापूर हा साखर कारखान्यांचा जिल्हा. दिवाळी झाली की बीडकडून ऊसतोड टोळ्या येतात. मुकादमाची उचल फेडायची असते, एक दिवस बसलं की खाडा लागतो, त्यामुळे मासिक पाळीचा त्रासही परवडत नाही. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा विषय २०१९ साली गाजला. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीनं केलेल्या पाहणीत ब्याऐंशी हजारांवर बायांपैकी तेरा हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली निघाली. उचल मुकादमाची, ऊस कारखान्याचा, पण सुरी डॉक्टरची. स्त्रीरोगशास्त्राच्या विद्यार्थ्याला या शस्त्रक्रियेच्या पायऱ्या पाठ असतात. ती कधी करू नये, आणि शेजारचा सीनियर ती विनाकारण करत असेल तर ते कुठे आणि कसं सांगायचं, याचा तास कोणत्याही वेळापत्रकात मला आढळलेला नाही.

विद्यार्थ्याला बोल म्हणणं सोपं, पण तो उतरंडीच्या तळाशी असतो. इंटर्न रात्री दोनला बाटल्या लावत असतो, त्याचा विद्यावेतनाचा प्रश्नही मधूनमधून उपोषणाला येतो. नोकरीत शिरल्यावर महाराष्ट्र नागरी सेवा वर्तणूक नियम, १९७९ असतात, वर्तमानपत्राशी परवानगीशिवाय बोलता येत नाही. म्हणून धाडसाचे धडे देण्याआधी कायद्यानं आधीच उघडी ठेवलेली दारं दाखवावीत. १९४८च्या कारखाने अधिनियमाच्या ८९व्या कलमानं डॉक्टरवर सरळ बंधन घातलं होतं : कारखान्यातल्या कामगाराला यादीतला व्यवसायजन्य आजार आहे असं वाटलं तर मुख्य निरीक्षकांना लेखी कळवायचं. यादीत कापसाच्या धुळीनं होणारा फुप्फुसाचा आजार होता आणि आवाजानं येणारा बहिरेपणाही. चादरी-टॉवेलांच्या या शहरात यंत्रमागाच्या खडखडाटात आयुष्य काढलेले आणि मोठ्यानं बोलणारे किती जण ओपीडीत आले असतील! त्यांच्यासाठी किती पत्रं गेली असतील, याचा अंदाज वाचकानंच करावा. पत्र लिहिणं हे बंड नव्हतं, नियमाचं पालन होतं. अर्थात त्यात पळवाट होती. पुष्कळसे माग छोट्या शेडमध्ये, कारखान्याच्या व्याख्येबाहेर, आणि बिडीवाली बाई तर स्वतःच्या घरात. पण कोण व्याख्येत बसत नाही हे सप्रमाण लिहून पाठवणं, हेही काम डॉक्टरचंच.

एका रुग्णाच्या पातळीवर तर दारं आणखी आहेत. सरकारी खर्चानं मोठे उपचार देणारी जीवनदायी योजना २ जुलै २०१२ रोजी ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली त्यांत सोलापूर होतं. आज ती महात्मा फुले यांच्या नावानं सगळ्यांना खुली आहे. तरीही रेशनकार्डावर 'लक्ष्मीबाई' आणि आधारवर 'लक्ष्मी' असलं की बाई कट्ट्यावर बसून राहते. आरोग्यमित्र कोण, समाजसेवा अधीक्षकांची खोली कुठे, तहसीलला कोणता अर्ज, हे माहीत असलेला इंटर्न त्या दिवशी विभागप्रमुखांपेक्षा जास्त उपयोगाचा असतो. त्याला या कामाचे मार्क मिळत नाहीत. त्याच्या शिक्षकालाही मिळत नाहीत, बढती छापलेल्या शोधनिबंधांवर मिळते, झोन ऑफिसात घालवलेल्या दुपारींवर नव्हे.

शेवटची अडचण सगळ्यांत व्यावहारिक आहे. विद्यार्थी साडेचार वर्षं शिकतो, वर्षभर इंटर्नशिप करतो आणि जातो. महापालिकेची फाइल त्याहून जास्त वर्षं चालते. पहिल्या वर्षाच्या मुलीनं केलेल्या पाण्याच्या नोंदींवर उत्तर येईल तेव्हा ती मुलगी कुठल्या तरी शहरात भूलशास्त्र शिकत असेल. म्हणून अर्जावर पहिली सही वसाहतीतल्या बायांची हवी, दुसरी विभागाची, विद्यार्थ्याची तिसरी. दत्तक कुटुंब एका तुकडीकडून दुसऱ्या तुकडीकडे जाताना कोरं लॉगबुक देऊ नये. तारखा, नकला, पोचपावत्या आणि कोणता साहेब कोणत्या वारी भेटतो याची टिपणं असलेली फाइल द्यावी. तोंडी परीक्षेत परीक्षकानं ती उघडावी आणि विचारावं, "मागच्या बॅचच्या पत्राला उत्तर आलं का? नाही? मग स्मरणपत्र कधी पाठवलंत?"